‘बोट दाखवलं’ की ‘बोट दाखवली’? कोटी मोजणाऱ्या एका पेपरबद्दल

या वेळी वाचायला घेतलेला पेपर विनोदावरचा आहे. जस्टिन काओ, रॉजर लेव्ही आणि नोआ गुडमन यांचा, २०१६ साली ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नियतकालिकात आलेला. विषय आहे इंग्रजीतल्या शाब्दिक कोट्या आणि त्यातल्या काही जास्त हसवतात, काही कमी, ते का याचं गणित. पेपर आटोपशीर आहे. गणित एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला झेपेल एवढंच. आणि दावा स्पष्ट आहे. नवीन वाचकाने दावा स्पष्ट असलेला पेपर आधी घ्यावा असं माझं मत आहे, कारण त्याच्याशी भांडता येतं. धूसर पेपरशी भांडायला गेलं की तो म्हणतो, मी असं कुठे म्हटलं!

हा पेपर निवडायला आणखी एक कारण आहे. ‘इंग्रजीत झालेलं काम मराठीत करणे’ हा सिनॉप्सिसचा लोकप्रिय साचा आहे. डेटा भाषांतरित करायचा, मॉडेल तेच ठेवायचं, अचूकतेचं कोष्टक द्यायचं. बऱ्याच विषयांत ते खपूनही जातं. कोटीच्या बाबतीत खपत नाही. का, ते बघताना मूळ पेपरच्या गृहीतकांवरही प्रकाश पडतो, आणि परीक्षण करायचं म्हणजे नेमकं हेच करायचं असतं.

आधी पेपरचं म्हणणं. विनोदाच्या अभ्यासात ‘विसंगती’ हा जुना शब्द आहे. जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये दोन टप्प्यांचं वर्णन केलं: ऐकणाऱ्याचा अंदाज चुकतो, मग त्या चुकण्याचा उलगडा होतो. व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ च्या पुस्तकात मांडलं की विनोदी मजकूर एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन ‘स्क्रिप्ट’शी एकाच वेळी जुळतो. ही दोन्ही वर्णनं पटतात. अडचण एवढीच की ती विनोद झाल्यावर लागू होतात. समोर दोन कोट्या ठेवल्या आणि विचारलं की यातली कुठली जास्त हसवेल, तर दोन्ही सिद्धांत गप्प. काओ आणि सहकाऱ्यांनी ती जागा पकडली.

त्यांच्या पेपरमधलं उदाहरण जादूगाराचं आहे. तो चिडून ‘हेअर’ उपटतो. ऐकताना केस, वाचताना ससा. मराठीत ते सांगून उपयोग नाही, म्हणून आपलं एक घेऊ:

वाळवीने पुस्तकाचं पान खाल्लं आणि चुना लायब्ररीला लागला.

‘पान’ या शब्दाचे इथे दोन अर्थ जागे होतात, पुस्तकाचं पान आणि विड्याचं पान. पेपरचं गृहीतक असं की वाक्यातले सगळे शब्द सारख्या कामाचे नसतात. काही शब्द विषयामुळे आलेले असतात, काही नुसते भरीचे. ऐकणारा एकाच वेळी दोन अंदाज बांधत असतो: कुठला अर्थ अभिप्रेत आहे, आणि तो अर्थ धरला तर कुठले शब्द कामाचे. पुस्तकाचं पान धरलं तर ‘वाळवी’, ‘पुस्तक’, ‘लायब्ररी’ कामाचे ठरतात आणि ‘चुना’ उपरा वाटतो. विड्याचं पान धरलं तर ‘चुना’ एकदम घरचा होतो आणि वाळवीचं काय करावं कळत नाही. ‘खाल्लं’ दोन्ही घरचा पाहुणा.

यातून दोन मापं निघतात. पहिलं संदिग्धता. दोन अर्थांची शक्यता किती तुल्यबळ आहे, ते एन्ट्रॉपीने मोजायचं. शक्यता ५०-५० असेल तर एक बिट, ९०-१० असेल तर ०.४७ बिट, एकच अर्थ पक्का असेल तर शून्य. दुसऱ्या मापाला मी मराठीत ‘आधारभेद’ म्हणेन: पहिल्या अर्थाला आधार देणारे शब्द आणि दुसऱ्याला आधार देणारे शब्द यांच्यात किती फरक आहे. गणितात ते कुलबॅक-लायब्लर अंतर आहे, दोन्ही बाजूंनी काढून बेरीज केलेलं. शब्द आणि अर्थ यांची जवळीक किती, हे त्यांनी माणसांना विचारून ठरवलं. कोट्या आणि साधी वाक्यं मिळून चारशेच्या वर वाक्यं, आणि ती किती विनोदी वाटतात याचं रेटिंग ऑनलाइन लोकांकडून.

निकाल वाचण्यासारखा आहे. संदिग्धतेमुळे कोटी आणि साधं वाक्य वेगळं ओळखता येतं. पण कोट्या-कोट्यांमध्ये कुठली सरस, हे संदिग्धता सांगू शकत नाही. ते सांगतो आधारभेद. यातलं पहिलं कुणालाही सुचलं असतं. दुसरं सुचणं अवघड होतं. ‘मला पान दे’ हे वाक्य बघा. संदिग्धता भरपूर, पण हसू येत नाही, कारण दोन्ही अर्थांना वाक्यात आधारच नाही. वाळवी आणि चुना दोन टोकांना उभे राहून ओढाओढी करतात तेव्हा कुठे गंमत येते.

इथपर्यंत मी पेपरच्या बाजूचा आहे. आता भांडण.

पहिला मुद्दा पटकन संपवतो, कारण तो इतरांनीही घेतला आहे. या मॉडेलमध्ये एखादा शब्द अर्थाच्या किती जवळचा हे मोजताना तो वाक्यात आधी आला की नंतर, याला किंमत नाही. वरचं वाक्य उलटं करा: ‘चुना लायब्ररीला लागला, कारण वाळवीने पुस्तकाचं पान खाल्लं.’ शब्द जवळपास तेच, आकडे जवळपास तेच, विनोद मात्र गेला. ‘चुना लागणे’ आधी येऊन गेलं, त्यामुळे ते नुसता वाक्प्रचार म्हणून वाचलं जातं आणि पानाशी त्याची गाठ पडेपर्यंत उशीर होतो. २०१९ मध्ये हे, पेंग आणि लियांग यांच्या पेपरने या दिशेने पाऊल टाकलं. कोटीचा शब्द जवळच्या शब्दांत अनपेक्षित वाटला पाहिजे, पण पूर्ण वाक्यात चपखल बसला पाहिजे, अशी त्यांची कल्पना. त्यावरून त्यांनी संगणकाकडून कोट्या करवून घेतल्या. माणसांच्या मते त्यातल्या साधारण तीस टक्के जमल्या. स्वतः कोट्या करणाऱ्यांना हा आकडा कमी वाटणार नाही!

आता मुख्य गोष्ट. हे वाक्य मोठ्याने वाचा:

बेटावर कसं जायचं असं विचारलं की इथले कोळी बोट दाखवतात.

हाताचं बोट की पाण्यातली बोट? दोन्ही चालतं. ‘दाखवतात’ हाताच्या बोटाकडे ओढतं, ‘बेट’ आणि ‘कोळी’ पाण्यातल्या बोटीकडे. पेपरच्या भाषेत संदिग्धता चांगली, आधारभेदही चांगला. आता हीच गोष्ट कालची म्हणून सांगा:

बेटावर कसं जायचं असं विचारलं, तर कोळ्याने बोट दाखवलं.

गेली! ‘दाखवलं’ म्हटलं की ते हाताचं बोट. होडी असती तर ‘दाखवली’ झालं असतं. हाताचं ते बोट, पाण्यातली ती बोट. दहावीत पाठ केलेले प्रयोग आठवा. वर्तमानकाळात कर्तरी प्रयोग, क्रियापद कोळ्यांच्या मागे जातं आणि बोटीला हात लावत नाही. भूतकाळात कर्मणी प्रयोग, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि गुपित फोडतं. ‘दाखवेल’ चालेल, ‘दाखव’ चालेल, ‘दाखवलं’ चालणार नाही. विशेषणाचंही तेच. ‘लहान बोट’ म्हटलं तर कोटी जिवंत, ‘मोठं बोट’ किंवा ‘मोठी बोट’ म्हटलं की संपली, कारण ‘लहान’ बदलत नाही आणि ‘मोठा’ बदलतो. विभक्ती लावली तर ‘बोटाला’ आणि ‘बोटीला’. अनेकवचन केलं तर ‘बोटं’ आणि ‘बोटी’. म्हणजे एकाच शब्दावरची कोटी काही रूपांत जगते आणि काही रूपांत मरते.

इंग्रजीत हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. नामाला व्याकरणिक लिंग नाही, भूतकाळी क्रियापद कर्माकडे बघत नाही, विशेषण सगळ्यांना सारखं. ‘हेअर’ शब्दाचे दोन अर्थ वाक्यात शिरले की बहुतेक वेळा शेवटपर्यंत आपोआप टिकतात. काओ यांच्या निकालात संदिग्धता फक्त ‘कोटी आहे की नाही’ एवढंच सांगते आणि कोट्यांच्या आत काही सांगत नाही, याचं एक कारण हेही असू शकतं की इंग्रजी कोट्यांमध्ये संदिग्धता फुकट मिळते. जी गोष्ट सगळ्यांकडे सारखीच आहे ती फरक कसा दाखवणार? मराठीत ती कमवावी लागते. काळ निवडावा लागतो, विशेषण निवडावं लागतं, कधी क्रियापदच गाळावं लागतं. त्यामुळे मराठी कोट्यांच्या आतही संदिग्धता कमी-जास्त होईल आणि तिचा हसण्याशी संबंध दिसेल, अशी माझी अटकळ आहे. अटकळच आहे, पण तपासता येईल अशी.

क्रियापद गाळण्याचं उदाहरण:

सरपंच निवडून आले तेव्हा सायकल होती. पाच वर्षांत बघा, कारभारी!

‘कारभारी’ आणि ‘कार भारी’. आता शेवटी ‘झालेत’ जोडा. ‘कारभारी झालेत’ ठीक, पण ‘कार भारी झालेत’ होत नाही, कार म्हणजे ती. एक ‘झालेत’ आला आणि कोटी लंगडी झाली. कट्ट्यावर बसून कोट्या करणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो बरोबर जागी थांबतो. या थांबण्याचा अभ्यास मला पेपरमधल्या गणितापेक्षा जास्त ओढतो, हे कबूल.

यावरून आणखी एक अंदाज. ज्या शब्दांवर मराठीत वारंवार कोट्या होतात त्यांची यादी केली तर त्यात दोन्ही अर्थांचं लिंग एकच असलेले शब्द जास्त भरतील. ‘पान’ घ्या: पुस्तकाचं, झाडाचं, विड्याचं, पंगतीतलं, सगळी नपुंसकलिंगी. म्हणून ‘पान’ कुठल्याही काळात, कुठल्याही विभक्तीत चालतं. ‘मत’ही तसंच. ‘माळ’ मात्र अवघड, गळ्यातली ती माळ आणि गावाबाहेरचा तो माळ. एखाद्याला छोटा प्रकल्प हवा असेल तर ही यादी करायला अनुदान लागत नाही. (मराठीत पनला कोटी म्हणतात हे बरं आहे; फेलोशिपवर जगणाऱ्याला निदान तेवढ्या तरी करता येतात.)

आता संगणकाकडे या. भाषेवर काम करणारे आपण पहिली गोष्ट काय करतो? मजकूर ‘साफ’ करतो. प्रत्यय छाटतो, ‘बोटाला’, ‘बोटीला’, ‘बोटं’, ‘बोटी’ सगळ्यांचं ‘बोट’ करतो, आणि मग शब्द मोजतो. माहिती शोधायच्या कामात ते सोयीचं असेल. इथे त्याचा परिणाम उलटा होतो. भाषेने जी संदिग्धता शेवटच्या अक्षराने मिटवली होती ती आपण पुन्हा तयार करतो, आणि मॉडेलला सगळीकडे कोट्या दिसू लागतात. ‘कोळ्याने बोट दाखवलं’ आणि ‘कोळी बोट दाखवतात’ ही दोन वाक्यं छाटणीनंतर जवळपास एकच. मग आकडेही एकच येणार. आणि ‘कारभारी’चा त्रास वेगळाच. संगणक मोकळी जागा बघून शब्द तोडतो. जिथे जागाच नाही तिथे ‘कार’ आणि ‘भारी’ त्याला दिसतच नाहीत. म्हणजे एकीकडे नसलेल्या कोट्या सापडतील आणि दुसरीकडे असलेल्या निसटतील. सिनॉप्सिसमध्ये ‘प्रीप्रोसेसिंग’ या शब्दाखाली दोन ओळी लिहून पुढे जाणाऱ्यांनी इथे थांबावं.

स्पेलिंगचा मुद्दा यालाच लागून आहे. पेपरमधल्या कोट्या उच्चार एक किंवा जवळचा, स्पेलिंग दोन, अशा जातीच्या आहेत. लिहिताना एक स्पेलिंग निवडावं लागतं आणि दुसरा अर्थ कानातून येतो. मराठीत बहुतेक कोट्यांत लेखनही एकच असतं. ‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’ असं आपण म्हणतो म्हणून नाही, ते पूर्ण खरंही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं बघा: ‘५ सप्टेंबरला शिक्षक दिन, बाकीचे ३६४ दिवस शिक्षक दीन.’ बोलताना आपल्यापैकी बहुतेकांचा ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखाच येतो, लिहिताना वेलांटी ठरवते. पेपरच्या रचनेत चपखल बसणारा हा मराठी प्रकार आहे, पण तो छोटा कोपरा आहे. फक्त त्या कोपऱ्यातला डेटा गोळा करून ‘मराठी विनोद’ असं शीर्षक देऊ नका.

आता थोडं मागे जाऊ, कारण लिंग-विभक्तीचा हा पेच इंग्रजीच्या अभ्यासकांना दिसला नाही तरी आपल्याकडच्या जुन्या लोकांना दिसला होता. नवव्या शतकातल्या रुद्रटाने श्लेषाचे आठ प्रकार मांडले: वर्ण, पद, लिंग, भाषा, प्रकृती, प्रत्यय, विभक्ती आणि वचन. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तेच आठ घेतले. यादी पुन्हा वाचा. लिंग, प्रत्यय, विभक्ती, वचन यांना स्वतंत्र खाती आहेत. संस्कृतसारख्या प्रत्ययांनी गच्च भरलेल्या भाषेत दोन अर्थ एका रूपात बसवणं हीच मुख्य अडचण, म्हणून वर्गीकरणही त्या अडचणीवरून झालं. ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ असं म्हणायला मी हे सांगत नाही. त्यांनी काही मोजलं नव्हतं, आणि त्यांचा प्रश्न काव्याचा होता, हसण्याचा नव्हता. पण ज्या भाषेवर काम होतं ती भाषा सिद्धांताचा आकार कसा ठरवते, याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याच परंपरेतून पेपरच्या बाजूने बोलणारा पुरावाही मिळतो, तो लपवणं बरं नाही. कविराजाचं ‘राघवपांडवीय’ हे बाराव्या शतकातलं काव्य एकाच वेळी रामायण आणि महाभारत सांगतं. संदिग्धता पहिल्यापासून शेवटपर्यंत, पण वाचून कुणी खो-खो हसत नाही, थक्क होतं. संदिग्धता म्हणजेच विनोद असं मानणारा सिद्धांत इथे आपटतो. काओ यांचं मॉडेल आपटत नाही. कारण अशा काव्यात तेच शब्द दोन्ही कथांना आधार देतात. आधार देणाऱ्या शब्दांचे दोन गट वेगळे पडत नाहीत, आधारभेद कमी येतो, आणि मॉडेल सांगेल की हे हसवणारं नाही. अगदी बरोबर! स्वतःच्या डेटाच्या इतक्या बाहेर जाऊनही मॉडेल बरोबर बोलतं, तेव्हा त्याला मार्क द्यायला हवेत.

उरला सगळ्यात अवघड मुद्दा. पुढची दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं: ‘निवडणुकीत त्यांना तुमचं मत हवं असतं, निवडणुकीनंतर तुमचं मत नको असतं.’ दुसरं आपण सगळ्यांनी भाषणांत, फलकांवर ऐकलं-वाचलं आहे: ‘जी जात नाही ती जात.’ दोन्हींची बांधणी एक: तोच शब्द दोनदा, दोन अर्थांनी. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात याला श्लेष म्हणत नाहीत, यमकाच्या खात्यात टाकतात. काओ यांचं मॉडेल इथे लावताच येत नाही, कारण ते एकाच जागी बसलेल्या एका शब्दाचे दोन अर्थ धरून चालतं. इथे प्रत्येक जागी अर्थ पक्का आहे, एन्ट्रॉपी दोन्ही जागी शून्याच्या जवळ. तरी दोन्ही कोट्या आहेत. म्हणजे शाब्दिक खेळाचा एक मोठा प्रकार मापाच्या बाहेर राहिला. हे एक.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पहिल्या वाक्यावर लोक हसतात. दुसऱ्यावर सभागृह शांत होतं, किंवा टाळी पडते, पण ती हसण्याची टाळी नसते. बांधणी तीच असताना हा फरक कुठून आला? शब्दांतून तर नाही. मॅकग्रॉ आणि वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की एखाद्या गोष्टीत काहीतरी बिघडलेलं, नियमबाह्य दिसावं आणि त्याच क्षणी ते आपल्याला निरुपद्रवी वाटावं, तेव्हा हसू येतं. पुढाऱ्याने मत घेऊन मत न विचारणं हा बिघाड आपण अंगवळणी पाडून घेतला आहे, म्हणून हसतो. जातीचा बिघाड ज्याच्या अंगावर येतो त्याला तो निरुपद्रवी कसा वाटेल? आणि ज्याच्या अंगावर येत नाही तो कदाचित हसेलही. म्हणजे एकाच वाक्याचं विनोदाचं रेटिंग रेटिंग देणारा कोण आहे यावर बदलेल, आणि ते बदलणं हीच मिळवण्याजोगी माहिती आहे. सगळ्यांची सरासरी काढली की नेमकी ती पुसली जाते.

काओ यांच्या पेपरला याचा जाब विचारणं थोडं अन्यायाचं आहे. त्यांच्या कोट्या निरुपद्रवी होत्या, ससे आणि जादूगार. त्या मर्यादेत सरासरी ठीकच. पण आपली समीक्षा त्यांच्या वापरलेल्या शब्दावर असायला हवी. ते म्हणतात, आम्ही विनोदाचा अंदाज बांधतो. मी म्हणेन, तुम्ही कोटीच्या बांधणीचा अंदाज बांधता, आणि बांधणी चांगली असेल व विषय कुणाला टोचत नसेल तर त्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी जुळतात. हे वाक्य कमी आकर्षक आहे, पण त्यांच्या डेटावरून एवढंच निघतं.

रेटिंगबद्दल अजून एक, मग पुढे जाऊ. कॉलेजात कुणी कोटी केली की पोरं ‘पीजे!’ म्हणून ओरडतात, कपाळावर हात मारतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच कोटी दुसऱ्या ग्रुपमध्ये स्वतःची म्हणून खपवतात. ‘किती विनोदी?’ या एका पट्टीवर हे कपाळावर हात मारणं कुठे लिहायचं? खालच्या टोकाला लिहिलं तर खोटं ठरतं, कारण मजा आलेली असते. वरच्या टोकाला लिहिलं तर कुणी मानणार नाही. मी असतो तर किमान दोन पट्ट्या ठेवल्या असत्या: हसू आलं का, आणि दुसऱ्याला सांगावंसं वाटलं का. दुसरी पट्टी कोटीच्या बाबतीत जास्त प्रामाणिक ठरेल असा माझा कयास आहे.

बोटीकडे परत येतो, कारण प्रयोग तिथेच करता येईल. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि लिंगाचा पुरावा बहुतेक वेळा त्या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात असतो. म्हणजे ‘कोळ्याने बोट दाखव...’ इथपर्यंत दोन्ही अर्थ जिवंत आहेत आणि निकाल एका स्वरावर लागतो. विनोदाचा ठोसाही वाक्याच्या शेवटीच बसतो. दोन्ही गोष्टी एकाच जागी येतात, हे इंग्रजीच्या अभ्यासकाला सहज न मिळणारं नैसर्गिक प्रयोगपात्र आहे. तीन वाक्यं घ्या: ‘दाखवतात’, ‘दाखवलं’, ‘दाखवली’. बाकी शब्द शक्य तितके तेच ठेवा. कर्ता ‘कोळी’चा ‘कोळ्याने’ होणारच, त्याला इलाज नाही. वीसेक शब्दांसाठी अशी तिकडी तयार करा, आणि शेजारी ‘पान’सारख्या एकलिंगी शब्दांचीही त्याच काळांतली वाक्यं ठेवा, नाहीतर फरक लिंगामुळे पडला की नुसत्या काळामुळे, ते कळणार नाही. माझं भाकीत: ‘दाखवतात’ला सगळ्यात जास्त रेटिंग, ‘दाखवलं’ला त्याहून कमी पण शून्य नाही, कारण व्याकरणाने दार लावलं तरी ऐकणाऱ्याच्या कानात बोट तोवर नांगरलेली असते. ‘दाखवली’ला सगळ्यात कमी, होडीबद्दल विचारलं, होडी दाखवली, त्यात काय हसायचं? आणि ‘पान’च्या वाक्यांत काळ बदलल्याने विशेष फरक पडू नये.

एकाच माणसाला तिकडीतली तिन्ही वाक्यं देऊ नका, पहिलं वाचलं की उरलेल्यांचा निकाल लागलेला असतो. आणि छापील वाक्यांबरोबर निम्म्या लोकांना ती ऐकवूनही बघा. वाचताना डोळा पुढे पळून शेवटचा प्रत्यय आधीच टिपू शकतो, ऐकताना तसं करता येत नाही; तिथे ‘दाखवलं’चं रेटिंग थोडं वर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.